छत्तीसचा आकडा

१९७५ चा जानेवारी. अॅन आर्बरमध्ये खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आणि आत आम्ही सात-आठ बायका कार्डं पंच करत बसलेल्या. मिशिगन विद्यापीठातर्फे निवडणुकीनंतर देशभर एक मोठी पाहणी व्हायची. मुलाखत घेणारी माणसं घरोघर जात, प्रश्नावल्या भरून आणत, मग प्रत्येक उत्तराला आकडा दिला जाई आणि तो आकडा आम्ही यंत्रावर कार्डाला भोक पाडून उतरवत असू. एका कार्डावर ८० रकाने. एकदा हात वळला की डोकं मोकळं राहायचं, त्यामुळे मी प्रश्न वाचत बसायचे. त्यातला एक कायमचा लक्षात राहिला. वॉशिंग्टनमधलं सरकार योग्य तेच करील असा भरवसा तुम्हाला किती वेळा वाटतो: जवळजवळ नेहमी, बहुतेक वेळा, की कधीकधीच? ‘कधीच नाही’ हा पर्याय वाचून दाखवायचा नसे. समोरचा माणूस आपणहून तसं म्हणाला, तरच त्याची नोंद व्हायची.

पुढे निकाल छापून आला. १९६४ साली शंभरातले ७७ जण ‘नेहमी’ किंवा ‘बहुतेक वेळा’ म्हणाले होते. आमच्या गठ्ठ्यांतून निघालेला आकडा होता ३६. मी तो एका कागदावर देवनागरीत लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. दोघांचं पटेनासं झालं की आपण म्हणतो, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. दहा वर्षांत अमेरिकेतली माणसं आणि त्यांचं सरकार तसेच उभे राहिले होते. हे कसं झालं, ते मी जेवढं जवळून पाहिलं तेवढं सांगते.

मी मूळची सांगलीची. १९७१ च्या ऑगस्टमध्ये लग्न करून मिशिगनला आले. हे डेट्रॉईटजवळ एका मोटार कंपनीत इंजिनियर होते. १९६५ च्या कायद्याने आशियातल्या शिकलेल्या लोकांना अमेरिकेचं दार उघडलं, त्यातून आलेल्या पहिल्या लाटेतलं आमचं घर. भाड्याने वरचा मजला घेतला होता. खाली घरमालक राहायचे. साठी उलटलेले, एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, बायको वारलेली. राज्याच्या पश्चिमेकडच्या ग्रँड रॅपिड्सचे, डच वंशाचे, दर रविवारी चर्चला जाणारे आणि पक्के रिपब्लिकन. पुढे अध्यक्ष झालेले निक्सन १९६० साली निवडणूक हरले तेव्हाही घरमालकांचं मत त्यांनाच होतं. आमच्याकडे टीव्ही नव्हता. काही महत्त्वाचं असलं की ते जिन्याखाली येऊन हाक मारत आणि आम्ही त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसत असू.

आज माझ्या नातवंडांना शाळेत शिकवतात की निक्सननी लोकांचा विश्वास मोडला. ते अर्धंच खरं आहे. वॉटरगेट हा शब्द कुणाला ठाऊकही नव्हता तेव्हा, १९७० साली, तो ७७ चा आकडा पन्नाशीच्या थोडा वर एवढाच उरला होता. पहिला तडा व्हिएतनामचा. १९६४ च्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेकडून युद्धाची मोकळीक घेतली. सिनेटमध्ये विरोधात फक्त दोन मतं पडली. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे नंतर उघड झालं. चार वर्षांनी पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक तिथे होते आणि रोज टीव्हीवर युद्धाची दृश्यं दिसत होती. युद्ध जिंकत आल्याचं सरकार सांगे आणि पडदा वेगळंच दाखवी. मी आले त्याच्या दोन महिने आधी, १९७१ च्या जूनमध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संरक्षण खात्याचा गुप्त इतिहास छापायला सुरुवात केली होती. सात हजार पानं. चार-चार अध्यक्षांच्या काळात सरकारला आतून एक माहीत होतं आणि लोकांना दुसरं सांगितलं जात होतं, हे त्यात सरकारच्याच शब्दांत होतं. छपाई थांबवायला निक्सन सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ६ विरुद्ध ३ असं हरलं.

आमच्या रस्त्यावर चौथ्या घरात एक बाई राहायची. तिचा मुलगा सक्तीची भरती चुकवून कॅनडात गेला होता. कॅनडा म्हणजे फार लांब नव्हे. डेट्रॉईटच्या नदीकाठी उभं राहिलं की पलीकडे विंडसर गाव दिसतं. ती कधी कधी रविवारी गाडी घेऊन नदीवर जायची आणि नुसती उभी राहून परत यायची. मुलगा इकडे आला तर तुरुंग, म्हणून तो येत नसे. आमचे घरमालक तिच्याशी बोलत नसत. पळपुट्याची आई, एवढंच ते तिला म्हणत. हे मी आता सांगून ठेवते, कारण पुढे ती बाई पुन्हा येणार आहे.

वॉटरगेटच्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जवळचा वाटतो तो रखवालदार. फ्रँक विल्स. २४ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण, आठवड्याला ८० डॉलर पगार. १७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत फेरी मारताना त्याला एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढली. पुन्हा फेरीला आला तर पट्टी परत लावलेली. त्याने पोलिसांना फोन केला. वर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण सापडले आणि त्यांचा माग निक्सन यांच्या निवडणूक समितीपर्यंत गेला. नेमून दिलेलं काम नीट करणारा एक माणूस रात्री दीड-दोन वाजता जागा होता. एवढ्या मोठ्या सत्तेला पहिला धक्का लागला तो त्याचा.

पण त्या वर्षी कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. घरमालकांनी त्या रात्री आम्हाला सफरचंदाचा पाय खिलवला. माझा तो पहिलाच.

मग १९७३ चा उन्हाळा आला. सिनेटच्या समितीची चौकशी टीव्हीवर सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायनाचे म्हातारे सिनेटर सॅम अर्विन अध्यक्षस्थानी, जाड भुवया वरखाली करत प्रश्न विचारायचे. मला त्यांचं दक्षिणेकडचं इंग्रजी सुरुवातीला कळायचंच नाही. मी स्वयंपाक आटपून दुपारी खाली जायचे आणि घरमालक मला कोण कुठला ते समजावून सांगायचे. माझं नागरिकशास्त्र खरं म्हणजे त्या दिवाणखान्यात झालं. १६ जुलैला अलेक्झांडर बटरफील्ड नावाचा व्हाइट हाउसमधला एक जुना अधिकारी साक्षीला आला आणि त्याने शांतपणे सांगून टाकलं की अध्यक्षांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रणाची यंत्रणा आहे. १९७१ पासून तिथलं प्रत्येक बोलणं टेपवर उतरतंय. घरमालक खुर्चीत पुढे सरकले. त्यांना आनंद झाला होता. आता टेप ऐकतील आणि सगळं मिटेल, असं ते म्हणाले. आपला माणूस निर्दोष आहे याची त्यांना इतकी खात्री होती.

निक्सन टेप देईनात. त्या मागणारे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाका, असा त्यांनी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी हुकूम काढला. अॅटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालच्या विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि खुर्ची सोडली. तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी अखेर सही केली. त्याआधी दहाच दिवस, लाचेच्या आणि करचुकवेगिरीच्या प्रकरणात, उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांनी पद सोडलं होतं. त्याच महिन्यात अरब देशांनी तेल रोखलं. मग रविवारी पेट्रोल पंप बंद, मोटारींचा खप पडलेला, ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करण्याची कुजबुज. दोन-तीन महिन्यांत एवढं सगळं. लोकांचा धीर का सुटला हे सांगायला मला कुठलं पुस्तक उघडावं लागत नाही. ह्यांनी त्या दिवसांत भारतात परत जाण्याचा विषय दोनदा काढला.

घरमालकांचा विश्वास गेला तो चोरीमुळे नाही. १९७४ च्या एप्रिलअखेर निक्सननी टेपवरच्या संभाषणांचा लिखित मजकूर प्रसिद्ध केला. बाराशेहून जास्त पानं. काही दिवसांत तो जाड पेपरबॅक पुस्तक होऊन दुकानात आला. घरमालकांनी तो विकत आणला आणि हातात पेन्सिल घेऊन, बायबल वाचावं तसा रोज रात्री वाचला. जागोजागी चौकटी कंसात ‘शिवी वगळली’ असं छापलं होतं. देशाचा अध्यक्ष आपल्या खोलीत बसून काय बोलतो, कुणाला पैसे द्यायचे, कुणी काय खोटं सांगायचं, हे सगळं त्यात होतं. पुस्तक संपलं त्या दिवशी त्यांनी भिंतीवरची निक्सन यांची तसबीर उतरवून जिन्याखालच्या कपाटात ठेवली. फेकली नाही. त्याच सुमाराला रिपब्लिकनांचं जुनं पाठीराखं असलेल्या ‘शिकागो ट्रिब्यून’ने निक्सननी जावं असा अग्रलेख लिहिला होता. आमच्या घरमालकांसारखे आणखी पुष्कळ जण तेव्हा पेन्सिल घेऊन बसले असणार.

पुढचं वेगाने घडलं. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल दिला की टेप द्याव्याच लागतील. त्या आठांपैकी तिघांना खुद्द निक्सननी नेमलं होतं. दुसऱ्या दिवशी रात्री प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीत टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन बोलल्या. कृष्णवर्णीय बाई, जड, सावकाश, प्रत्येक अक्षर कोरल्यासारखा आवाज. राज्यघटना लिहिली गेली तेव्हा ‘आम्ही लोक’ या शब्दांत माझ्यासारखीचा समावेश नव्हता, पण आज या घटनेवर माझी श्रद्धा पूर्ण आहे, असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा या देशाची नागरिक नव्हते. तरी माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. दोन दिवसांनी महाभियोगाचं पहिलं कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झालं आणि त्या सत्ताविसांत सहा रिपब्लिकन होते. ५ ऑगस्टला ती टेप बाहेर आली जिच्यावर, चोरीनंतर सहाच दिवसांनी, गुप्तचर संस्थेला पुढे करून पोलीस तपास थांबवायचा बेत निक्सन यांच्याच आवाजात होता. ७ तारखेला त्यांच्याच पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर आणि दोन ज्येष्ठ नेते त्यांना भेटले आणि सिनेटमध्ये तुमच्या बाजूने मोजकीच मतं आहेत हे सांगून आले. ८ ऑगस्टच्या रात्री नऊ वाजता निक्सन राजीनामा जाहीर करायला टीव्हीवर आले. घरमालक उभे राहून ऐकत होते. भाषण संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि मला म्हणाले, झोपायला जा, उद्या फोर्ड आहेत.

इथे मला एक सांगायचंच आहे, कारण ते आकड्यांत दिसत नाही. ७७ चा ३६ होत होता त्याच महिन्यांत रखवालदार, न्यायाधीश, समिती, वृत्तपत्रं, स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देणारे सहा जण, सगळे आपापलं काम चोख करत होते. आकडा घसरला याचं एक कारण हे की लोकांना खरं कळलं. १९६४ साली ७७ जणांनी भरवसा सांगितला, तेव्हाही टोंकिनबद्दल खोटं बोललं जातच होतं. त्या ७७ चा मला आज हेवा वाटत नाही.

जेराल्ड फोर्ड ग्रँड रॅपिड्सचेच. पंचवीस वर्षं ते तिथून निवडून येत होते आणि घरमालक त्यांना ‘आमचा जेरी’ म्हणत. अॅग्न्यू गेल्यावर त्यांना उपाध्यक्ष नेमलं होतं, आता ते अध्यक्ष झाले. देशभराच्या निवडणुकीत अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष म्हणून एकदाही निवडून न आलेले ते एकमेव अध्यक्ष. शपथ घेतल्यावर त्यांनी हे स्वतःच सांगितलं आणि लोकांना विनवलं की तुम्ही मतं दिली नाहीत, तर प्रार्थनेने मला मान्य करा. सकाळी स्वतःचा नाश्ता स्वतः करणारा साधा माणूस. ऑगस्टमध्ये गॅलपच्या पाहणीत ७१ टक्के लोक त्यांच्यावर खूश होते. तो महिनाभर आमच्या घरात सण असल्यासारखं वातावरण होतं.

८ सप्टेंबर, रविवार. घरमालक चर्चमधून आले, रेडिओ लावला आणि जिन्याखाली येऊन आम्हाला हाक मारली, पण आवाज नेहमीचा नव्हता. फोर्डनी निक्सनना माफी दिली होती. अध्यक्ष असताना केलेल्या किंवा केले असू शकतील अशा सगळ्या गुन्ह्यांबद्दल पूर्ण, विनाअट माफी. खटला नाही, आरोपपत्र नाही, कबुलीसुद्धा नाही. फोर्ड यांचे प्रसिद्धी सचिव जेरी टरहॉर्स्ट हेही ग्रँड रॅपिड्सचेच, जुने पत्रकार. त्यांना हे आदल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. त्यांनी राजीनामा दिला. व्हिएतनामला जायला नकार देणाऱ्या पोरांना माफी नाही आणि निक्सनना आहे, याचं समर्थन मला करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या संध्याकाळी चौथ्या घरातली बाई आपल्या पायरीवर बसली होती. आमचे घरमालक रस्त्याने गेले आणि तिच्यापाशी थांबले. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. काय बोलले ते मला कधीच कळलं नाही, पण ते बराच वेळ उभे होते आणि निघताना त्यांनी टोपी काढली.

सप्टेंबर संपेपर्यंत फोर्ड यांचा ७१ चा आकडा ५० वर आला होता. निक्सन आणि फोर्ड यांच्यात सौदा झाला असणार, अशी शंका घेतली गेली. फोर्ड स्वतः प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे जाऊन बसले आणि कसलाही सौदा नव्हता असं सांगितलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. खटला चालला असता तर देश आणखी दोन वर्षं निक्सन सोडून दुसरं काही बोलला नसता, हेही मला पटतं. २००१ साली केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानने याच निर्णयासाठी फोर्डना धैर्याचा पुरस्कार दिला, आणि आपण तेव्हा विरोध केला होता पण फोर्ड यांचंच बरोबर होतं, हे एडवर्ड केनेडी यांनी सर्वांसमोर कबूल केलं. चूक माफीत नव्हती, ती देण्याच्या पद्धतीत होती. रविवारी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना, कुणाशी जाहीर चर्चा न करता, आदल्या दिवसापर्यंत स्वतःच्या माणसाला अंधारात ठेवून. दोन वर्षं लोक हेच शिकले होते की बंद खोलीत ठरलेल्या गोष्टीला घाबरायचं असतं. प्रामाणिक माणसानेही नेमकं तेच केलं. फोर्ड पुढे कितीतरी वर्षं पाकिटात एका जुन्या निकालातला उतारा बाळगत. माफी स्वीकारण्यात गुन्ह्याची कबुली असते, असं त्यात म्हटलं होतं. खिशात ठेवलेला तो कागद त्यांनी त्या रविवारी लोकांपुढे नीट वाचायला हवा होता, असं मला फार वाटतं.

त्यानंतर चार महिन्यांनी मी ती कार्डं पंच करत होते. घरमालकांना मी ३६ चा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, यात मिशिगनचे किती?

१९७५ साल माझ्यासाठी दोन देशांचं झालं. इथे सिनेटर फ्रँक चर्च यांची समिती गुप्तचर संस्थांची कपाटं उघडत होती. कॅस्ट्रोंना मारायचे कट, नागरिकांची फोडलेली टपाल पाकिटं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर ठेवलेली पाळत. रोज नवीन काहीतरी. आणि जूनच्या अखेरीला भारतात आणीबाणी आली. माझे बाबा शाळामास्तर. त्यांचं एरोग्राम आलं की अर्धं पत्र राजकारणाचं असायचं, तेही समासात वळवून लिहिलेलं. जुलैपासून त्यांच्या पत्रांत फक्त कृष्णेचं पाणी, कुणाचं लग्न आणि तब्येत. मी वाचायचे आणि काय वगळलंय ते शोधायचे. घरमालक विचारायचे, तुमच्या पंतप्रधानांनी असं कसं केलं? मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. पण वाईट बातम्या रोज पेपरात येणं हे किती मोठं वैभव असतं, ते मला त्या कोऱ्या जागांनी शिकवलं. चर्च समितीच्या कामातूनच पुढे १९७८ चा कायदा झाला आणि हेरगिरीसाठी देशातल्या लोकांचे फोन ऐकायचे तर आधी न्यायालयाची परवानगी घेणं भाग पडलं.

१९७६ च्या निवडणुकीत जॉर्जियाचे शेंगदाणे पिकवणारे जिमी कार्टर आले. मी तुमच्याशी कधीही खोटं बोलणार नाही, हे त्यांचं वचन. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचं एक नातं होतं. त्यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवी योजनेतून परिचारिका म्हणून भारतात आल्या आणि मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी काम केलं. माझा मामा त्याच वसाहतीत राहायचा. कार्टर निवडून आल्यावर त्याने मला पत्र लिहिलं की ती म्हातारी बाई आम्ही पाहिली आहे, उन्हातान्हात चालत यायची. मला तेवढ्यानेच कार्टर घरचे वाटू लागले. घरमालकांनी त्या वर्षी मत दिलं नाही. मिशिगन फोर्डना मिळालं, देश कार्टरना मिळाला, २९७ विरुद्ध २४०.

शपथविधीनंतर कार्टर मोटारीतून उतरून बायकोमुलीसह पायी व्हाइट हाउसपर्यंत गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भरती चुकवणाऱ्यांना माफी दिली. मार्चमध्ये चौथ्या घरातला मुलगा विंडसरहून पूल ओलांडून घरी आला. दाढी वाढलेली, तिशीला टेकलेला.

कार्टर खोटं बोलले नाहीत, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण प्रत्येक अध्यक्ष आता स्वतःच्या चांगुलपणाची हमी देत होता आणि लोकांना हमी नको होती, त्यांना घर चालवायचं होतं. १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर तेल पुन्हा महागलं. महागाई त्या वर्षी ११ टक्क्यांच्या पुढे गेली, कॅलिफोर्नियात आणि पूर्वेकडच्या शहरांत पेट्रोलसाठी मैलभर रांगा. ह्यांच्या कंपनीतली शिफ्ट बंद झाली आणि ह्यांना पाच महिने घरी बसावं लागलं. माझ्या पंचिंगच्या पगारावर आम्ही तेव्हा जगलो.

जुलैच्या पाच तारखेला कार्टर तेलावर भाषण करणार होते. त्यांनी ते रद्द केलं आणि कॅम्प डेव्हिडच्या डोंगरात जाऊन बसले. दहा दिवस. राज्यपाल, धर्मगुरू, उद्योजक, प्राध्यापक यांना बोलावून ते वहीत टिपणं घेत राहिले. पेन्सिल्व्हेनियात आणि वेस्ट व्हर्जिनियात साध्या लोकांच्या घरी जाऊनही बसले. १५ जुलैच्या रविवारी रात्री दहाला ते बोलले. एका राज्यपालाने त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही देशाचं नेतृत्व करत नाही, नुसतं सरकार सांभाळता. ते वाक्य त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. देशावर आत्मविश्वासाचं संकट आहे, केनेडी बंधूंच्या आणि किंग यांच्या हत्या, व्हिएतनाम, वॉटरगेट या जखमा अजून खोल आहेत, माणूस काय करतो यापेक्षा त्याच्याकडे काय आहे यावर आपण त्याला तोलू लागलो आहोत, असं ते म्हणाले. सत्तेवर बसलेल्या माणसाने एवढं खरं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फारसं ऐकलं नाही. पुढे त्या भाषणाला ‘मरगळीचं भाषण’ असं नाव पडलं, पण तो शब्द त्यात कुठेही नाही.

लोकांना ते आवडलं होतं, हे आता विसरलं जातं. कार्टर यांची लोकप्रियता एका भाषणाने ११ अंकांनी वाढली. घरमालकही म्हणाले, हा गडी सरळ आहे. आणि दोनच दिवसांनी कार्टर यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागून घेतले. पाच मंत्री गेले. लोकांना वाटलं, आता सरकारच कोसळतंय. तोच दोष, फोर्ड यांचा. खरं बोलायला धीर होता, पण बोलण्याच्या पुढची पायरी माणसांना सोबत घेऊन चढायची असते, ती एकट्याने घेतली. नोव्हेंबरात तेहरानमधल्या वकिलातीत ओलीस धरले गेले. एप्रिलमध्ये त्यांना सोडवायला गेलेली मोहीम वाळवंटातच फसली आणि आठ सैनिक मेले. विद्यापीठाच्या त्याच प्रश्नाचं उत्तर १९८० साली पंचवीसच्या आसपास आलं.

१९७९ साली मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. बाबांना कळवायला मला तीन आठवडे लागले. ४ नोव्हेंबर १९८० ला माझं पहिलं मतदान. हे कामावर होते, म्हणून घरमालक आपल्या गाडीतून मला घेऊन गेले. केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत होतं, बास्केटबॉलच्या जाळीखाली रांग. मी साडी नेसून गेले होते, वरून कोट. मला वाटलं तेही मत देतील, पण दारापाशी ते थांबले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली. १९६० साली प्रौढांपैकी शंभरात त्रेसष्ट जणांनी मत दिलं होतं, त्या वर्षी त्रेपन्नच्या आसपास. उरलेल्यांत आमचे घरमालक होते. ज्या माणसाने मला या देशाचं सरकार कसं चालतं ते शिकवलं, तो माझा कोट मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

मी कार्टरना मत दिलं आणि बाहेर आले. ते उठले, कोट माझ्यापुढे धरला आणि विचारलं, यादीत तुझं नाव बरोबर लिहिलं होतं ना?